माइक बंद ठेवून खेळणाऱ्या मुली

कोपरखैरण्याला ताईकडे रविवारी दुपारी गेलं की हॉलमध्ये एक दृश्य ठरलेलं. सतरा वर्षांची भाची सोफ्यावर मांडी घालून फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळत असते आणि तिचा बारा वर्षांचा भाऊ तिला चिकटून बसलेला असतो. मला वाटायचं, पोरगा नुसता बघत बसलाय. एकदा नीट कान दिला. ती हळूच पुटपुटली, "निळ्या छपराच्या घरात दोघं, एक वरती." लगेच तो फोनजवळ तोंड नेऊन ओरडला, "नीले छत वाले घर में दो बंदे, एक ऊपर!" पलीकडून कोणीतरी म्हणालं, "भाई, मस्त कॉल."

डोकं तिचं, आवाज भावाचा. मी विचारलं, तूच का नाही बोलत? तिने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "मामा, मी बोलले की ते खेळायचं सोडून माझ्यावरच सुरू होतात."

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बीजीएमआयमध्ये चार जणांचा स्क्वॉड असतो. ओळखीचे चौघे जमले नाहीत तर गेम स्वतःच अनोळखी माणसं जोडून देतो, त्यांना पोरं 'रँडम' म्हणतात. शत्रू कुठे आहे, कोण पडलंय, कोणाला उठवायचं, हे सगळं माइकवर बोलून चालतं. म्हणजे माइक हा इथे गप्पांसाठी नसतो, ते बंदुकीइतकंच हत्यार आहे. ते म्यान करून खेळणारा माणूस एक हात बांधून खेळतो.

मुलीने माइक चालू केला की पहिला प्रश्न बहुधा असतो, "लड़की है क्या?" त्यानंतर गाडी तीनपैकी एका रस्त्याला लागते. इन्स्टा आयडी माग. स्वयंपाकघरात जायला सांग. किंवा मग ज्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही त्या. भाचीने तिसऱ्या प्रकाराचं स्क्रीन रेकॉर्डिंग दाखवायची तयारी दाखवली होती. मी अर्ध्यातच बंद करायला सांगितलं, आणि नंतर लक्षात आलं की ती ते पूर्ण ऐकत आली आहे.

यावर मुलांचं ठेवणीतलं उत्तर असतं: ऑनलाइन सगळ्यांनाच शिव्या पडतात, आम्हालाही पडतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? उत्तर अगदीच खोटं नाही. शिवीगाळ या खेळांच्या अंगात भिनली आहे. फक्त शिवी कशाबद्दल पडते ते बघा. "काय नूबसारखा (म्हणजे नवशिक्यासारखा) खेळतोस" ही तुमच्या खेळाला दिलेली शिवी आहे. पुढच्या मॅचमध्ये तीन जणांना पाडलंत की तिचं उत्तर देऊन होतं. "जा, भाकऱ्या थाप" ही खेळाला दिलेली शिवी नाही. ती तुमच्या तिथे असण्याला आहे. तिला उत्तर देईल असा कोणताही खेळ नाही. चांगलं खेळलात तर "भाऊ खेळत असेल", वाईट खेळलात तर "सांगितलं होतं ना". लिंगभेद म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

हा नुसता माझा कयास नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी 'हेलो ३' या गोळीबाराच्या गेमवर एक साधा प्रयोग केला. एकाच खेळाडूने काही मॅच आधी रेकॉर्ड केलेला पुरुषी आवाज लावून, काही बायकी आवाज लावून आणि काही अजिबात आवाज न लावता खेळल्या. वाक्यं तीच, कोणालाही न खुपणारी. बायकी आवाजाला पुरुषी आवाजाच्या किंवा शांततेच्या तुलनेत तिप्पट वाईट शेरे आले. पुढे २०१५ मध्ये मायकेल कासुमोविक आणि जेफ्री कुझ्नेकॉफ यांनी तशाच मॅचमधून आणखी एक गोष्ट शोधली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बाईच्या आवाजावर सगळ्यात जास्त तुटून पडत होते ते कच्चे खेळाडू, त्यातही ज्यांचा त्या मॅचमध्ये खेळ खराब होत होता. हेच कच्चे खेळाडू पुरुषाच्या आवाजापुढे मात्र मऊ होत. चांगले खेळणारे बाईशी बऱ्यापैकी नीट वागत होते. कारण सरळ आहे. ज्याला उतरंडीत वरची जागा आहे त्याला कोणाची भीती नसते. तळाशी असलेल्याला "निदान बायकांच्या तरी वर आहे" हा एवढाच आधार असतो, आणि एखादी मुलगी त्याच्यापेक्षा चांगली निघाली की तोही जातो.

शिव्यांबद्दल निदान बोललं तरी जातं. याची एक गोड आवृत्तीही आहे, ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मुलीचा आवाज आला की एखादा रँडम लगेच "दीदी, ये एम-फोर ले लो, हेल्मेट भी ले लो" करत मागे फिरू लागतो. ती पडली की स्वतः मरून तिला उठवायला धावतो. बघणाऱ्याला वाटतं, किती सभ्य पोरगा! पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच याची मांडणी करून ठेवली आहे. लिंगभेदाचे दोन चेहरे असतात, एक वैर धरणारा आणि एक जपणारा, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते की ही आपल्या बरोबरीची नाही. भाची याला 'हेल्मेटवाले' म्हणते. तिच्या अनुभवात हेल्मेटवाल्याला आयडी दिला नाही की तो दोन मिनिटांत शिवीवाला होतो.

आणि मुलगी खरोखरच अफाट खेळली तर? दक्षिण कोरियाची किम से-यॉन, खेळातलं नाव गेगुरी, २०१६ मध्ये सतरा वर्षांची होती. 'ओव्हरवॉच' या गोळीबाराच्या गेममध्ये तिचा नेम इतका अचूक होता की विरुद्ध संघातल्या व्यावसायिक खेळाडूंनी ती सॉफ्टवेअर वापरून फसवते असा आरोप केला. शेवटी तिला स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर बसून, हात आणि स्क्रीन दोन्ही दाखवत खेळावं लागलं. तेव्हा कुठे लोकांचा विश्वास बसला. २०१८ मध्ये ती ओव्हरवॉच लीगमधली पहिली महिला खेळाडू ठरली. सीतेने एकदा अग्निपरीक्षा दिली, इथे ती थेट प्रक्षेपणात द्यावी लागते.

आता माझी बाजू. हे सगळं मी बाहेरून बघणाऱ्या साळसूद मामासारखा सांगतोय, पण मी त्यातला नाही. २००४ च्या आसपास आम्ही पाच-सहा जण नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायला जायचो. लॅनवर दहा-बारा मशीन, एसीचा नुसता आवाज. एकदा कॉलेजातली एक मुलगी आली आणि म्हणाली, मलाही घ्या. घेतलं. आणि तिच्या विरुद्ध टीममधल्या आम्ही सगळ्यांनी, बंदूक खिशात ठेवून, दर राउंडला तिलाच शोधून चाकू मारला. काउंटर-स्ट्राइकमध्ये चाकूने मारणं म्हणजे मुद्दाम केलेला अपमान. आम्ही हसत होतो, तीही हसत होती. दुसऱ्या दिवशीही आली, तेव्हाही तेच. तिसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी अगदी प्रामाणिकपणे सांगत असे की मुलींना असले गेम आवडतच नाहीत, आमच्या कॅफेत एकही यायची नाही.

या चक्रात तेल घालायला कोणी खलनायक लागत नाही. मुलगी येते, तिला त्रास होतो, ती जाते किंवा आवाज बंद करते. ती दिसत नाही. मग "मुली खेळतच नाहीत" हे सत्य ठरतं. मग पुढची आली की ती घुसखोर वाटते. माझ्या भाचीच्या रँडमांनी त्या रविवारी एका मुलीबरोबर चार मॅच खेळल्या आणि घरी जाऊन त्यांनीही हेच सांगितलं असणार.

मुळात हा पोरांचा खेळ आहे हे ठरवलं कोणी? सुरुवातीला तसं नव्हतं. १९८० चा 'पॅक-मॅन' तोरू इवातानी यांनी मुलींनीही गेम पार्लरमध्ये यावं म्हणून मुद्दाम तसा गोल, खादाड, गोजिरवाणा केला होता. 'सेंटिपीड' लिहिणाऱ्यांत डोना बेली होत्या. १९८२ चा 'रिव्हर रेड' कॅरोल शॉ यांनी लिहिला. टीव्हीला जोडायच्या त्या स्वस्त गेमवर नदीवरून विमान उडवलेल्यांपैकी कितीजणांना ते एका बाईचं काम आहे हे माहीत होतं? मला तरी नव्हतं. मग १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकानदार गेम या शब्दालाच घाबरू लागले. निन्टेन्डोने १९८५ मध्ये आपलं यंत्र तिथे आणलं ते खेळणं म्हणून, आणि खेळण्यांच्या दुकानात तेव्हा एक रांग मुलांची आणि एक मुलींची असे. गेम मुलांच्या रांगेत जाऊन बसले. जाहिराती मुलांच्या झाल्या, आणि १९८९ मध्ये हातात धरायच्या यंत्राचं नावच 'गेम बॉय' होतं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात असल्या रांगा नव्हत्या, पण त्या घरातच होत्या. व्हिडिओ गेम दादाच्या मुंजीत यायचा, ताईला 'अर्धा तास खेळू दे रे तिला' मिळायचं.

अमेरिकेत आज खेळणाऱ्यांत जवळपास निम्म्या बायका आहेत. हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, "त्या काय, कँडी क्रश खेळतात. ते काय गेमिंग आहे?" इथे जरा थांबून मौज बघावी. बायका नसतात तेव्हा तो पुरावा. बायका निघाल्या की त्या जिथे आहेत ती जागाच नकाशावरून वजा. आपल्याकडे आणखी एक साधी अडचण आहे, फोन कोणाचा? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी सात नामवंत गेमर्सना भेटायला बोलावलं, त्यांत मुलगी एकच होती, छिंदवाड्याकडच्या खेड्यातून आलेली पायल धारे. छायाचित्रात ती एकटी दिसते खरी, पण तिथवर पोहोचण्याआधीच गाळणी बऱ्याच ठिकाणी लावलेली आहे.

गेमिंग हा या प्रकरणाचा आवाज करणारा भाग. त्याच्या मागे ती मोठी 'गीक' दुनिया आहे: कोडिंग, रोबो, हॅकेथॉन (ठरलेल्या वेळेत प्रोग्रॅम बनवायच्या स्पर्धा), सायन्स फिक्शन. गीक शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही, पण 'किडा' जवळचा आहे. कॉम्प्युटरचा किडा. आता हा शब्द मुलीला लावून बघा. लागत नाही. मुलगी 'स्कॉलर' असते, 'अभ्यासू' असते, 'मेहनती' असते. त्याच्या डोक्यात किडा असतो आणि तिच्या हातात वही. मार्क तिला जास्त पडले तरी हुशारी त्याची, कष्ट तिचे.

ऐरोली, नेरूळ, वाशीच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या वर्गात डोकावा, मुली भरपूर दिसतील. त्यामुळे "मुलींचा मेंदू या कामाचा नाही" हे अमेरिकेतलं जुनं रडगाणं आपल्याकडे पहिल्याच बाकावर खोटं ठरतं. आपला भेद पुढच्या पायरीवर आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या सहा जणांच्या संघात किमान एक मुलगी असावीच लागते. नियम चांगल्या हेतूने केला आहे. कॉलेजात त्याचं रूपांतर होतं ते असं: "अरे, पाच झालो, आता एक मुलगी शोध." मग ती येते आणि तिच्याकडे पीपीटी, डॉक्युमेंटेशन आणि परीक्षकांसमोर बोलणं जातं. कोड पाचजण रात्रभर जागून लिहितात, मुलींच्या हॉस्टेलचं दार तर रात्री लवकरच बंद होतं. दोन वर्षांनी मुलाखतीत विचारतात, "यात तू नेमकं काय लिहिलंस?" पुन्हा तेच चक्र, फक्त चाकूऐवजी पीपीटी.

इमेज प्रोसेसिंगचं प्रॅक्टिकल केलेल्यांना 'लेना' आठवत असेल. टोपी घातलेली, खांद्यावरून मागे बघणारी बाई. ब्लर करायचं, कडा शोधायच्या, सगळं तिच्यावर. तो फोटो १९७२ च्या 'प्लेबॉय' मासिकातला. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत चाचणीसाठी चांगला फोटो हवा होता, कोणाच्या तरी हातात मासिक होतं, वरचा भाग स्कॅन केला आणि तो पन्नास वर्षं जगभर शिकवला गेला. आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या नियतकालिकांत तो घेणं बंद केलं. त्या फोटोने कोणाचं वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण त्या खोलीत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे तो फोटो पन्नास वर्षं सांगत राहिला.

बदल होतो का? होतो, आणि तो भाषणांनी होत नाही, व्यवस्थेचे स्क्रू फिरवल्याने होतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुली होत्या ७ टक्के. तिथे जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी मुलींशी सविस्तर बोलून बघितलं. घरचा कॉम्प्युटर भावाच्या खोलीत असतो, म्हणून मुलगा कॉलेजात येतो तोच पाच वर्षं कोड लिहून. मग त्याला सगळं येताना बघून मुलीला वाटतं, आपण या जागेचे नाही. विद्यापीठाने प्रवेशात आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिलेलं वजन कमी केलं आणि नव्याने शिकणाऱ्यांसाठी वेगळा सुरुवातीचा वर्ग काढला. २००० साली मुली ४२ टक्के झाल्या.

पण बदल नको असलेलेही असतात, आणि ते एकत्र आले की काय होतं हे २०१४ ने दाखवलं. झोई क्विन या गेम बनवणाऱ्या तरुणीच्या माजी प्रियकराने तिच्याबद्दल लांबलचक पोस्ट लिहिली. त्यातून तिने चांगल्या समीक्षेसाठी एका पत्रकाराशी संबंध ठेवले असा आरोप फिरला. त्या पत्रकाराने तिच्या गेमची समीक्षा कधी केलीच नव्हती. तरी 'गेमरगेट' नावाखाली, पत्रकारितेतल्या नीतिमत्तेचा झेंडा घेऊन, महिनोन् महिने बायकांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या येत राहिल्या. गेममधल्या स्त्री-पात्रांवर व्हिडिओ करणाऱ्या अनिटा सार्किसियन यांचं युटातल्या विद्यापीठातलं भाषण गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द झालं, कारण तिथल्या कायद्याने श्रोत्यांना बंदूक आणायला मनाई करता येत नव्हती. मुद्दा पत्रकारितेचा असता तर धमक्या पत्रकारांना गेल्या असत्या.

हे तिकडचं, असं म्हणायची सोय आपल्याला नाही. १ जानेवारी २०२२ ला गिटहब या, प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवर 'बुली बाई' हे ॲप आलं, मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव'. मुंबईच्या सायबर पोलिसांनी तपास केला तेव्हा हाती लागले ते कोवळे, शिकते तरुण, त्यांत एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. धर्मद्वेष आणि बाईला वस्तू समजणं एकत्र आलं की तयार होणारं रसायन फार जहाल असतं. गेम बनवणाऱ्या कंपन्यांची गोष्ट थोडक्यात: 'रायट गेम्स'ने महिला कर्मचाऱ्यांच्या भेदभावाच्या दाव्यात २०२१ मध्ये १० कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं, आणि 'युबिसॉफ्ट'च्या तीन माजी अधिकाऱ्यांना जुलै २०२५ मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने छळाबद्दल दोषी ठरवलं. खेळ ज्या खोलीत तयार होतो तिथला वास खेळाला लागतो.

मग करायचं काय? पहिली चूक घरात होते, म्हणून तिथून. मुलगी सांगते, "मला घाणेरडे मेसेज येतायत." आई-बाबा म्हणतात, "मग खेळूच नकोस, आण तो फोन इकडे." शिवी देणाऱ्याचा फोन त्याच्याकडेच असतो आणि शिवी खाणारीचा कपाटात. पुढच्या वेळी ती सांगणार नाही, एवढंच त्यातून निष्पन्न होतं. ताईनेही एकदा हेच केलं होतं. भाचीने त्यानंतर वर्षभर काही सांगितलं नाही, भाऊ तेवढा पुढे केला.

प्रकरण खेळाबाहेर गेलं, म्हणजे पाठलाग, अश्लील फोटो, धमकी, तर तो खेळ राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ (कलम ७५), ऑनलाइन पाठलाग (कलम ७८) आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणारे शब्द (कलम ७९) हे गुन्हे आहेत. मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सो लागतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे अश्लील मजकुराबद्दल नाव न देताही तक्रार करता येते. सगळं डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, खेळाडूचा आयडी आणि वेळ लिहून ठेवा. आणि ऐरोलीला राहणाऱ्यांना नेहमी पडतो तो प्रश्न, जिल्हा ठाणे पण आयुक्तालय नवी मुंबई, मग जायचं कुठे? कुठेही जा. नव्या कायद्याप्रमाणे हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. नोंदवून मग तो योग्य ठाण्याला पाठवायचा असतो.

बाकी मात्र पोलिसांचं काम नाही. ते त्या चौघांतल्या उरलेल्या दोघांचं आहे. एक शिवी देतो, एक खाते, दोघे गप्प बसतात. माझ्या त्या कॅफेतही चाकू काढायची कल्पना एकाचीच होती, बाकीच्यांनी 'नको रे' म्हणायला काही खर्च नव्हता. "तायडीला सोडा" असं वाचवायलाही जाऊ नये, ते पुन्हा हेल्मेट देणं झालं. विषय खेळावर परत आणला की पुरतं.

मागच्या महिन्यात मी भाचीच्या स्क्वॉडमध्ये शिरलो. वीस वर्षांनी हातात गेम, अंगठे जागेवर नाहीत. दोन रँडम आले. भाचा क्लासला गेला होता, म्हणून भाचीने नाइलाजाने स्वतःचा माइक चालू केला. "पूर्वेकडून गाडी येतेय," ती हिंदीत म्हणाली. क्षणभर शांतता, मग पहिला रँडम, "ओये, लड़की है क्या?" मी काही बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात दुसरा वैतागून म्हणाला, "हां तो? गाड़ी किधर है वो बता." ती म्हणाली, "पुलाच्या अलीकडे." मग तिघे पुलाकडे पळाले. मी उलट्या दिशेला पळत होतो, ते तिने मला मराठीत, माइक चालू ठेवूनच, फार स्पष्ट शब्दांत सांगितलं. आम्ही अकरावे आलो.